गुडघाभर

मी लासलगावकडची. आमच्याकडं कालवा. तो सुटला की पाटाला पाणी येतं, पाटातून कांद्याच्या वाफ्यात जातं, आणि नाही सुटला की माणसं पारावर बसून साहेबांना शिव्या देतात. पाण्याला आम्ही पाणीच म्हणतो. त्याचे फार लाड करत नाही.

सिन्नरच्या पूर्वेला ह्या दगडाळ गावात लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूला म्हणाले, "आत्याबाई, नदीवर जाऊन येते." तर त्या भाकरी थापता थापता थांबल्या.

"नदी कुठंय आत्ता?" त्या म्हणाल्या. "नदी पावसाळ्यात येती. तू कुठं जातीस ते नीट सांग."

मला वाटलं, नव्या सुनेची फिरकी घेतायत. पण तसं नव्हतं. गावाखालून वाळूचा पट्टा जातो, त्यातून पाणी वाहत असेल तेव्हाच ती नदी. एरवी तिचे तुकडे, आणि ज्या तुकड्याचं जे नाव त्याचं तेच काम. वाळूत हातभर उकरलं की पाणी साचतं, तो झिरा. तो प्यायचा, आणि त्यात घागर बुडवायची नाही, वाटीनं भरायची. म्हशी बसतात ते डबकं. त्याच्या वर बारीक धार चालते तो ओहोळ, तिथं धुणं. एकदा मी झिऱ्यावर पाय धुतले, तर आत्याबाईंनी मला गावच्या बायांदेखत असं झापलं की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

आणि सगळ्यात खाली, दोन काळ्या कातळांच्या मधे, डोह.

"डोहाचं काय काम?" मी विचारलं होतं.

"त्याला काम नसतं," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं गेलं की आधी त्याला हाक मारायची. डोहा, आले रे, म्हणायचं. दुसऱ्या कुठल्या नावानं बोलवायचं नाय. आन् तिथलं पाणी घरात आणायचं नाय."

गावात आणखी एक रीत होती. डोहानं ज्या घरचं माणूस नेलं, त्या घरच्या बाईनंच डोहाच्या काठावर तोंड उघडायचं. बाकीच्यांनी गप्प राहायचं. गावात असं घर एकच उरलं होतं, आमचं.

भारत माझा धाकटा दीर. मी त्याला पाहिलं नाही. मी येण्याच्या आठ वर्षं आधी, ब्याण्णवच्या पोळ्याला तो गेला. एकोणीस वर्षांचा, साखरपुडा झालेला. बैल धुवायला आणले होते, एक उधळला, डोहाकडं पळाला, भारतनं कासरा सोडला नाही. बैल पलीकडच्या कातळावरून वर आला. भारत आला नाही. माझे सासरे, फकिरामामा, यांनी सात बाजांच्या दोऱ्या सोडवून एकाला एक बांधल्या, टोकाला वरवंटा बांधला आणि मधोमध सोडला. दोरी संपली. वरवंटा टेकला नाही.

अंग कधी वर आलं नाही. मामांनी गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकलं. आत्याबाई त्या दिवशी घरात थांबल्याच नाहीत. त्या डोहावर गेल्या, आणि मग अकरा वर्षं रोज जात राहिल्या, उन्हं कलायच्या आधी, पदरात भाकरी बांधून. मी एकदोनदा मागनं जाऊन पाहिलं. त्या कातळावर बसून बोलायच्या. अमक्याची गाय व्याली, तमकीचं लग्न मोडलं, असलंच. मग गप्प व्हायच्या, मान जरा वाकडी करून. मग हसायच्या. कुणी काही बोललं आणि ते आवडलं, तसं हसायच्या. पण घरी आल्यावर त्या इतक्या नीट असायच्या, भाजी निवडायच्या, झेंडूचे हार ओवायच्या, मला टोमणे मारायच्या, की मी ते कुणाला बोलले नाही. ज्याचं त्याचं दुःख.

दोन हजार एकचा पाऊस वाया गेला. त्यापुढच्या उन्हाळ्यात झिऱ्यावरून पाणी वाहता वाहता माझं पाचव्या महिन्यातलं लेकरू गेलं. चढणीवरच बसले मी, डोक्यावर हंडा तसाच. दोनचा पाऊस त्याहून वाईट. तीनच्या एप्रिलात मला परत सातवा होता, आणि झिरा दोन तासाला एक घागर द्यायचा. वाटीनं खरवडायचं, पाणी जमायची वाट बघायची, परत खरवडायचं. वाळूत उकिडवं बसून माझे पाय सुजायचे. आमचे हे, ज्ञानेश, सिन्नरच्या वसाहतीत कारखान्यात, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. सुट्टीच्या दिवशी ते पाणी आणायचे. बाकी सहा दिवस मी आणि आत्याबाई.

मला ते लेकरू हवं होतं. दुसरं काही मला त्या वर्षी सुचतच नव्हतं. झोपताना पोटावर हात ठेवून मी त्याला सांगायचे की बाबा, एवढा उन्हाळा धरून राहा.

सरपंच यादव एक दिवस सकाळी अंगणात येऊन बसला. "नवसाकाकू," तो आत्याबाईंना म्हणाला, "टँकर मंजूर व्हायचाय. तालुक्याचा साहेब येणारे बघायला. गावाच्या मैलभरात बारमाही पाणी असंल तर टँकर देत नाय ते. डोह कागदावर आला की संपलं."

"त्याचं पाणी आपण पितो का?"

"साहेबाला काय त्याचं? त्याला पाणी दिसलं म्हंजे झालं. तो डोहावर येऊन इचारणार, हे काय हाय. काठावर आम्ही कुणी बोलायचं नाय, तुम्हीच बोलायचं." यादवनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही डबकं म्हणा. गुडघाभर हाय म्हणा. दोन म्हशी बसल्या की संपलं, असं म्हणा."

आत्याबाई कितीतरी वेळ सूप पाखडत राहिल्या. त्यात धान्य राहिलं नव्हतं, नुसता कोंडा.

"त्याला हलकं करू?" त्या म्हणाल्या. "माझं पोरगं हाय त्याच्यात. डबक्यात कुणाचं पोरगं असतं का?"

यादव निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत गेला. मी मनात म्हणत होते, म्हणा ना आत्याबाई, एक शब्द तर आहे, तोंडातनं काढायला काय जातं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. मेलेल्याची एवढी काळजी, आणि माझं अजून यायचं होतं त्याचं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी झिऱ्यावर वाटी भरता भरता मला कळ आली. उठले तर लुगड्याला रक्ताचा डाग, रुपयाएवढा. आत्याबाईंनी तो पाहिला. त्यांनी मला तिथंच वाळूत आडवं केलं, स्वतःचा पदर ओला करून माझ्या कपाळावरून फिरवला आणि गावाकडं गेल्या. घरी नाही, यादवकडं.

साहेब आला ती वेळ सकाळी अकराची. जीपमधून उतरला, रुमालानं मान पुसत कातळावर आला. मागं यादव, मामा, चार माणसं. मला यायचं नव्हतं, पण आत्याबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. डोह काळा होता, हलत नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्याला हाक मारली नाही.

"हे काय आहे?" साहेबानं विचारलं.

यादवनं आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांचा हात गार पडला होता, एवढ्या उन्हात.

"डबकं हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

"खोल किती?"

"गुडघाभर."

"काळं दिसतंय पाणी. कुणी बुडलंबिडलं होतं का इथं कधी?"

मी मामांकडं पाहिलं. ते खाली मान घालून अंगठ्यानं दगड उकरत होते.

"नाय," आत्याबाई म्हणाल्या. "यात कोण बुडंल?"

साहेबानं लिहून घेतलं. जाता जाता त्यानं जीपमधली काठी काठाशी खुपसून पाहिली. काठाशी पाणी उथळच असतं. काठी टेकली. त्यानं मान डोलावली आणि तो गेला. परत येताना आत्याबाईंनी माझा हात सोडला नाही.

आठवड्यात टँकर सुरू झाला. दिवसाआड यायचा, आमच्या दारापासून वीस पावलांवर. यादवनं पोरांना बजावलं होतं की आधी रूपालीवहिनीच्या घागरी. डाग परत दिसला नाही. मी पाय लांब करून ओट्यावर बसायचे आणि पोटातलं हललं की मोजायचे. अशी सुखी मी त्या घरात त्याआधी कधी झाले नव्हते, आणि त्याची लाज मला आजही आहे.

डोह तेव्हाच उतरायला लागला.

पहिल्यांदा कातळावर ओली रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी तिच्या खाली दुसरी. उन्हाळा होता, पण ब्याऐंशीच्या, बहात्तरच्या दुष्काळातही तो बोटभर हलला नव्हता, असं मामा म्हणायचे. आठव्या दिवशी गावातल्या लहानूच्या म्हशी, ज्या कधी त्या बाजूला फिरकत नव्हत्या, सरळ मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या गुडघ्यांना होतं.

मामांनी दोरी आणि वरवंटा नेला. मी काठावर होते. त्यांनी वरवंटा सोडला, तो लगेच टेकला. दोन पावलं सरकून परत सोडला, परत टेकला. मग ते धोतर खोचून आत उतरले आणि या कातळापासून त्या कातळापर्यंत चालत गेले. जाताना गुडघाभर, येताना गुडघाभर. कमी नाही, जास्त नाही. खाली सपाट दगड, अंगणासारखा सारवलेला. कपार नाही, भोक नाही, गाळ नाही. त्यांनी हात घालून सगळा तळ चाचपला. भारतच्या हातात चांदीचं कडं होतं. कडं नाही, हाड नाही, बैलाच्या कासऱ्याचा धागा नाही.

वर येऊन ते माझ्याशेजारी बसले. पाय पुसायचं त्यांना सुचत नव्हतं, काठावर गप्प राहायची रीतही नाही.

"रूपाली," ते म्हणाले, "सात बाजांची दोरी होती. मी खोटं बोलतोय का?"

"नाही मामा."

"मला आता आठवत नाय नीट. पाच असतील. का एकच होती?"

तिथून ते सुरू झालं. शेजारच्या गावाला टँकर मिळाला नव्हता. त्यांनी तालुक्याला अर्ज दिला की यांच्याकडं डोह आहे, त्यात पोरगं बुडून मेलं होतं. मग यादवनं गावाला शिकवून ठेवलं, कुणी विचारलं तर सांगायचं, भारत बुडला नाय, घर सोडून गेला. द्वारकेला कुठल्याशा ट्रकवर क्लीनर होता म्हणायचं. आधी लोक हे सांगताना एकमेकांकडं बघायचे. पंधरा दिवसांनी बघेनासे झाले. पिठाच्या गिरणीत पुतळाबाई मला म्हणाली, "तुझा दीर काय पत्र-बित्र टाकतो का गं?" मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. भारतच्या क्रियाकर्माला तिनं जेवण वाढलं होतं, हे तिनंच मला सांगितलेलं. आमचे हे सुद्धा एका रविवारी म्हणाले, "गेला असंल गं ट्रकवर. अंग कुठं सापडलं होतं?" सख्खा भाऊ. मी ताट आपटून आत गेले.

आणि आत्याबाई खूश होत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

त्यांनी डोहावर जायचं सोडलं. ट्रंकेतून भारतचे कपडे काढून, टँकरच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातले. भाकऱ्या चार जास्त करायला लागल्या. "डबक्यात कोण बुडतंय?" मला म्हणाल्या. "मंग बुडला नाय तो. मंग यील. तू पदर नीट घेत जा, मोठा दीर नसला तरी पुरुषमाणूस हाय." दुपारी फाटक वाजलं की त्या उठून बघायच्या. एकदा मीही उठले. फाटकाशी कुणी नव्हतं, पण दोरीवरचा त्याचा लेंगा, दोन दिवसांपासून कडक वाळलेला, खालून गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि थेंब थेंब गळत होता. मी तो पिळला. पाणी काळपट निघालं. मी तो चुलीत घातला आणि कुणाला सांगितलं नाही.

हे दहा-बारा दिवस चाललं. मग एका दुपारी त्या ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. चेहरा उतरलेला. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"रूपे, मला एक सांग. तो तिथं नव्हता, तर अकरा वर्षं माझ्याशी बोलत कोण व्हतं?"

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला.

"मी इचारायची, त्यो सांगायचा. त्याचाच आवाज व्हता. मला माझ्या पोराचा आवाज कळत नाय का? मी त्याला नाय म्हणले, चारचौघांत. आता काल गेले, हाक मारली, डोहा, आले रे. काय नाय. शंभरदा मारली. म्हशी हसल्या असतील मला."

"आत्याबाई, पाऊस पडला की भरंल परत."

"पावसानं डबकं भरंल. डोह नाय व्हायचा. चारचौघांत साहेबापुढं हलका केलाय, तिथंच त्याला परत डोह म्हणायला पायजे. माझं त्यो ऐकत नाय आता. तू म्हण. तू या घरची हायेस." त्या माझ्याकडं बघेनात. "मी मागू नये तुझ्याकडं. कळतंय मला, तुझं काय जातंय ते."

मी उठून आत गेले आणि माठाला टेकून उभी राहिले.

अर्जामुळं साहेब परत आला. जूनचा पहिला आठवडा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मला नववा सरत आला होता. यादवनं वाटेतच साहेबाला सांगितलं की म्हातारीचं डोकं फिरलंय, तिचं काही मनावर घेऊ नका, सून शिकलेली आहे, तिला विचारा. मग माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, तुमच्याच लेकराचं हाय. ध्यानात ठेवा."

कातळावर पोचलो तर आत्याबाई आधीच आत होत्या. मधोमध उभ्या, लुगडं खोचलेलं, पाणी गुडघाभर. वारा नव्हता. त्या ठेवणीतलं नेसल्या होत्या, पोळ्याला नेसायचं ते हिरवं.

"आजी, बाहेर या," साहेब म्हणाला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं बघत राहिल्या. हात जोडले असते, रडल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. माझा मूळचा स्वभाव हट्टी, मी तोंड फिरवलं असतं. पण त्या नुसत्या उभ्या होत्या, एसटीच्या थांब्यावर उभं राहतात तशा.

"तुम्ही सांगा," साहेबानं वही उघडली. "अर्जात म्हणतात हा डोह आहे. तुम्ही काय म्हणता?"

मी पोट धरलं. मला झिरा दिसला, ती चढण दिसली, मागच्या वर्षी फडक्यात गुंडाळून नेलेलं माझं लेकरू दिसलं. त्याला तरी मी रडून घेतलं होतं. कुणी येऊन मला म्हणालं नव्हतं की असं काही झालंच नाही. ते कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्या नरडीचा घोट घेतला असता. आणि ह्या बाईकडून ते आम्ही सगळ्यांनी मिळून म्हणवून घेतलं होतं, माझ्यासाठी.

"डोह आहे, साहेब," मी म्हणाले. "जुना आहे. माझा दीर भारत यात बुडून गेलाय. हा डोहच आहे."

पुढचं जो तो वेगळं सांगतो. यादव म्हणतो, शेवाळावरून पाय घसरला. साहेबानं लिहिलं, खोल पाण्यात वृद्धेचा अपघात, आणि पाण्याची खोली या रकान्यात त्यानं लिहिलं, अज्ञात. चौथ्या दिवशी टँकर बंद झाला. गावानं मला शिव्या घातल्या आणि त्याच बायांनी पाऊस पडेपर्यंत रोज एकेक घागर माझ्या दारात आणून ठेवली, तोंडातनं शब्द न काढता. माझी राखी त्या घागरींवर जन्माला आली. ती आता सहा वर्षांची आहे. गिरणीत पुतळाबाई परत म्हणते, बिचारा भारत, पोळ्याला गेला, मीच जेवण वाढलं होतं.

शेवाळ तिथं नव्हतं, सपाट दगड होता. मामांनी हातानं चाचपला होता. मी समोर दहा पावलांवर होते. शब्द माझ्या तोंडातून गेला आणि पाणी काळं झालं, काठापासून नाही, त्यांच्या पायापासून. आवाज नाही, लाट नाही. ते कमरेला आलं, छातीला आलं. बुडणारं माणूस हात वर करतं. आत्याबाईंनी हात खाली नेले, वाकल्या, खाली निजलेलं लेकरू उचलायला वाकतात तशा, आणि पाणी त्यांच्या डोक्यावर मिटलं.

साहेब ओरडत होता, माणसं चपला काढत होती. मामा जागचे हलले नाहीत. ते "नवसे" म्हणून एकदाच बोलले, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये असे.